उजवा कौल

कुणी फुकट काही द्यायला आलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघते. हा माझा स्वभाव आहे आणि छप्पन्नाव्या वर्षी तो बदलायची माझी इच्छा नाही. त्यामुळे 'पुनर्घट' कंपनीचा तो हर्षद नाडकर्णी देवळाच्या पायऱ्या चढून आला, चपला पार खाली काढून, आणि हात जोडून म्हणाला, "काकी, देवीच्या पाषाणाला आमच्यातर्फे वज्रलेप करून द्यायचा आहे," तेव्हाच मी मनात म्हटलं, आला बाई गोडबोल्या. आता हळूच काय काढतोय ते बघायचं.

मी विशाखा गुरव. आडशिंगे गावच्या पावणाई देवीची पूजा आमच्या घराकडे. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून ते गेल्यावर देवीची सेवा माझ्याकडे आली. सुरुवातीला काही जणांनी नाकं मुरडली, मग सवय झाली त्यांना. शिवाय एकतीस वर्षं मी गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. सकाळी देवीची आंघोळ, दहा ते पाच परीक्षानळ्यांची आंघोळ. लोक विचारायचे, "विशाखाताई, दोन्ही कसं जमतं?" मी म्हणायचे, दोन्हीकडे हात स्वच्छ ठेवावे लागतात, एवढंच.

हे मी म्हणायचे. खरं किती होतं ते पुढे सांगते.

आमच्या गावात काहीही मोठं करायचं झालं की देवीला कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या खांद्यावर पेंडगुळीचं एक फूल, डाव्या खांद्यावर एक, पाण्यात बुडवून चिकटवायचं. आम्ही त्यांना कळे म्हणतो. गावचे मानकरी देवीपुढे गाऱ्हाणं घालतात आणि सगळे बघत बसतात. उजवा कळा आधी पडला तर देवी हो म्हणाली, डावा पडला तर नाही म्हणाली. आमच्याकडे विजेचे खांब कौल घेऊन आले, मोबाईलचा मनोरा कौल घेऊन आला. आता दोन हजार एक्केचाळीस साली समुद्राच्या लाटांवर वीज करायचं यंत्र बसलं तेही कौल घेऊनच.

नाडकर्ण्याला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, कचऱ्याचा कारखाना काढायचा होता. किनाऱ्यावरच्या पाच शहरांचं प्लॅस्टिक आणि समुद्र रोज आणून टाकतो ते, सगळं तिथे येणार, त्याचं पुन्हा नवं प्लॅस्टिक होणार. नव्या लोकसंमती कायद्याप्रमाणे गावातल्या शंभरातल्या सत्तर माणसांनी ग्रामसभेत हात वर केल्याशिवाय असा कारखाना होत नाही. आणि नाडकर्ण्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की आडशिंग्याची ग्रामसभा हात वर करते ती कौल बघून.

मग त्याला देवीच्या पाषाणाची काळजी वाटू लागली!

पाषाणाला लेप हवा होता, हे मात्र खोटं नव्हतं. शेकडो वर्षांच्या आंघोळीने देवीचे खांदे झिजले होते, चिरा पडल्या होत्या. मी दोन वर्षं त्यासाठी वणवण करत होते. तरी मी नाडकर्ण्याला नाहीच म्हणणार होते. पण लेप लावणार होती ती माझीच मुलगी.

वेदिका माझी एकुलती एक. रसायनाची इंजिनियर. तिचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली, त्यातली आठ ती बाहेरच होती, आधी शिकायला आणि मग गुजरातेत नोकरीला. तिथल्या 'पुनर्घट'नेच तिला इकडच्या कामावर पाठवलं आणि ती घरी आली. आठ वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या माणसाचा कप दिसू लागला. ती म्हणाली, "आई, कारखाना झाला तर मी कायमची इथे. नाही झाला तर परत गुजरात." एवढं तिने एकदाच सांगितलं, पण मी ते रोज ऐकत होते. मी लेपाला हो म्हटलं आणि तिने तो देवीला लावला.

एका शनिवारी कंपनीने शाळेच्या पटांगणात प्रात्यक्षिक ठेवलं. मोठ्या गाडीत एक काळा पट्टा सरकत होता. वेदिकाने त्यावर प्लॅस्टिकच्या ओल्या कपच्यांची बादली ओतली. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, बुचं, मासेमारीच्या जाळ्या, सगळ्यांचा चुरा.

"प्लॅस्टिक एक नसतं," ती लोकांना सांगू लागली. "आठ-नऊ जाती असतात. एकीत दुसरी मिसळली की पुढचं सगळं फुकट. म्हणून आजवर बहुतेक कचरा जाळायचे नाहीतर पुरायचे. खरी अडचण होती ती निवडण्याची."

मग तिने पट्ट्यावरचा पातळ लेप दाखवला. त्यावर म्हणे डोळ्यांना न दिसणारी लव आहे. हुकूम दिला की ती लव उभी राहते, पाणी तिथे टिकत नाही, आणि पाण्याने चिकटलेली कपची खाली पडते. उलटा हुकूम दिला की लव आडवी होते, पाणी पसरतं आणि कपचीला धरून ठेवतं. पट्ट्याच्या प्रत्येक बोटभर चौकोनाला वेगळा हुकूम देता येतो. आणि एकदा दिलेला हुकूम पुढचा येईपर्यंत तसाच राहतो, त्याला वीज लागत नाही. निवडलेल्या कपच्या मग कोमट पाण्याच्या टाकीत जातात. तिथे जंतूंपासून काढलेली पाचकद्रव्यं प्लॅस्टिकच्या लांब साखळ्यांच्या कड्या सहा तासांत सुट्या करतात. सुट्या कड्या पुन्हा जोडल्या की प्लॅस्टिक नवं.

वेदिकाने मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं. निळ्या कपच्या टपाटप खाली पडल्या, पांढऱ्या जागच्या हलल्या नाहीत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती अभिमानाने भरून आली, खोटं कशाला बोलू. तरी जीभ गप्प बसेना.

"नाडकर्णी," मी विचारलं, "देवीवरचा लेप आणि हा लेप, एकाच जातीचा का?"

"जात एकच, काकी," तो लगेच म्हणाला. "पण देवीवर तो फक्त पाणी आत मुरू नये म्हणून आहे."

मी वेदिकाकडे बघितलं. तिने मान हलवली. मग मी विषय सोडला.

गावाची खरी भीती वेगळीच होती. सड्याच्या कातळाखालून आमचा झरा निघतो, अख्खं गाव त्याचं पाणी पितं. टाकीतलं पाणी कातळातून झिरपलं तर? नाडकर्ण्याकडे त्याचंही उत्तर होतं. गावातलाच एक माणूस रोज झऱ्याचं पाणी तपासून सही करणार, आणि पाण्यात टाकीतल्या द्रव्यांचा आकडा वाढला तर कारखान्याची कळ बंद करायचा हक्क त्याला एकट्याला. कागदावर त्याचं नाव जलनिरीक्षक, गाव म्हणायचं पाण्याची राखण. आणि ती जागा वेदिकाला मिळणार, तिचं कायमचं इथे राहणं त्याच जागेवर, हे ठरल्यासारखंच होतं. गावची पोर, त्यात शिकलेली. कोण नाही म्हणणार?

कौलाच्या दिवशी सकाळी देऊळ माणसांनी भरून गेलं. आमच्याकडे गाभाऱ्याजवळ चामडं आणि फोन चालत नाही, सगळं दाराशी टोपलीत ठेवायचं. नाडकर्णी फोन ठेवून आत शिरत होता. मी हटकलं, "घड्याळाचा पट्टा चामड्याचा आहे. काढा." त्याने बिचाऱ्याने निमूट काढलं आणि खांबाला टेकून उभा राहिला.

आता मघाचं ते स्वच्छ हातांचं सांगते. कळा किती ओला करायचा हे गुरवाच्या बोटांत असतं. नीट निथळून दाबून लावला तर अर्धा तास हलत नाही, पाण्यासकट ठेवला तर लवकर घसरतो. माझ्या वडिलांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी मला शिकवलं. गावाचं भलं कशात आहे ते धडधडीत दिसत असेल तर बोटांनी थोडी मदत करायची. पण प्रश्न आपल्या घराचा असेल तर बोटं बांधून ठेवायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा त्या दिवशी मी दोन्ही कळे सारखे बुडवले, सारखे निथळले आणि सारखे लावले. वेदिका माझ्या शेजारी तांब्या धरून उभी होती. पोर राहणार की जाणार, ते माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन खांद्यांवर चिकटलेलं होतं.

भाऊ राऊळ आमचे मानकरी, ऐंशी पार केलेले. त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी पावणाये, आज तुझी पोरां तुझ्या पायाकडे इली आसत. सड्यावर ह्यो कारखानो येवंचो आसा. तो गावाक बरो आसात तर उजवो कळो दी, वायट आसात तर डावो दी. तू सांगशीत ता आमका मान्य!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

एरवी पाच-दहा मिनिटं तरी जातात. त्या दिवशी भाऊंचा आवाज विरतो न विरतो तोच उजवा कळा खाली आला.

ढोल वाजले. नाडकर्ण्याने डोळे मिटून नमस्कार केला. वेदिकाने मला मिठी मारली आणि मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

दुपारी नैवेद्य दाखवून मी एकटीच पाषाण पुसायला बसले. डावा खांदा ओला होता. उजवा कोरडा ठणठणीत. मी त्यावर पळीभर पाणी घातलं, तर अळवाच्या पानावरून जावं तसं ते गोळा होऊन निघून गेलं.

एकतीस वर्षं पोरांना सांगत आले होते की एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. दार लोटून घेतलं, फुलांची परडी पुढ्यात ओढली आणि पूजेच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. कळे सारखेच निथळून लावायचे आणि कुठला आधी पडतो ते लिहायचं. असं वीस वेळा केलं. मनात दरवेळी देवीला वेगळा प्रश्न विचारला. कारखाना बरा असेल तर उजवा दे. उजवा पडला. कारखाना वाईट असेल तर उजवा दे. उजवाच पडला. माझं नाव विशाखा नसेल तर उजवा दे, आई. पुन्हा उजवा!

उजवा वीस, डावा शून्य. मग बाहेरच्या कोनाड्यातल्या, लेप नसलेल्या गणपतीवर तेच वीसदा केलं. उजवा अकरा, डावा नऊ.

नाडकर्णी, मेल्या, तुझं मढं गेलं! मी वही घेतली आणि भर उन्हात सडा चढून त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. तो डबा खात होता. वही मी त्याच्या डब्याशेजारी आपटली.

"देवीला फसवलंत? हे सोवळं, हे हात जोडणं, हे सगळं एवढ्यासाठी?"

त्याने वही वाचली. घास तोंडातच राहिला. "काकी, मी नाही. देवीशप्पथ नाही."

"देवीची शपथ तुम्ही घालूच नका."

"थांबा. लेपाला दिलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद राहते. ती कुणालाच पुसता येत नाही, मलाही नाही." त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि आडशिंगे देऊळ शोधून काढलं. एकच ओळ होती. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं, उजवा खांदा, सोड. पुढे हुकूम देणाऱ्याचं नाव. वेदिका गुरव.

मला आधी वाटलं, हा ती ओळ आत्ता लिहितोय. मग आठवलं. याचं घड्याळ मीच टोपलीत ठेवायला लावलं होतं. वेदिकाच्या घड्याळाचा पट्टा रबरी होता, आणि ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

नाडकर्णी पांढरा पडला होता. "रविवारी ग्रामसभा आहे," तो हळूच म्हणाला. "मी काहीच बोलणार नाही, काकी. तुम्ही सांगाल तसं." त्याला गप्प राहायचं होतं की मला सांभाळून घ्यायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आले तेव्हा वेदिका ओट्याशी कोकमाची सोलं भिजत घालत होती. गाणं गुणगुणत होती.

"नऊ बेचाळीस," मी म्हणाले.

गाणं थांबलं. तिने हात पुसले. नाकबूल केलं नाही, एवढं तिचं मी मानते.

"मग काय करायला हवं होतं, आई? बाजारामागच्या घळीत कचरा जळतो, त्याचा धूर तुझ्या छातीत आहे. रोज सकाळी तू खोकतेस ते मी ऐकते. तीन वर्षं मी या यंत्राची एकेक चाचणी केली आहे. आणि शेवटी निर्णय कुणाचा, तर एका ओल्या फुलाचा?"

"तसं गावाला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतं कुणी?"

"म्हणून फसवायचं?"

"तू फसवलं नाहीस?" ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. "मी आठवीत होते. शाळेला देवस्थानची जागा द्यायची का, म्हणून कौल होता. तू डावा कळा अंगठ्याने दाबून लावलास आणि उजवा पाण्यासकट ठेवलास. मी तुझ्या कमरेशी उभी होते. सगळं बघत होते."

"ते मी गावासाठी केलं."

"आणि मी कुणासाठी केलं?"

मला तिचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती पुढे म्हणाली, "आई, रविवारी गप्प बस. कारखाना चांगला आहे हे तुलाही माहीत आहे. मी इथेच राहीन. तुझ्याजवळ." एवढ्या मायेने ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती, आणि त्या मायेचाही मला संशय आला. आपल्याच पोरीच्या आवाजाचा संशय यावा, याहून वाईट काय असतं?

रविवारपर्यंत मी गप्प राहिले. तिच्या हातचं जेवले. मनाला समजावत राहिले की बोलून कुणाचं भलं होणार? देवीवरचा विश्वास जाईल, पोर जाईल आणि कारखानाही. गप्प राहिलं तर सगळ्यांचंच साधतं. शनिवारी संध्याकाळी झऱ्यावर कळशी भरायला गेले. शेजारची काशीबाई म्हणाली, "आता तुझी वेदी पाण्याक सही करतली. आमका कसली काळजी नाय." मी कळशी अर्धी भरूनच परत फिरले.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. सरपंचबाईंनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगणार तोच मी उठले.

"कौल खोटा होता," मी म्हणाले.

मग थांबलेच नाही. लेप कसा चालतो ते सांगितलं, वीस आणि शून्य सांगितलं, वही फिरवली. हुकूम कुणी दिला ते सांगितलं. वेदिका खिडकीजवळ बसली होती. नाव घेताना मी तिच्याकडेच बघत होते, एवढं तरी तिचं देणं लागत होते. आणि मग माझंही सांगितलं, शाळेच्या जागेचं आणि त्याआधीचे दोन कौल.

जो कल्ला झाला तो विचारू नका. "गुरवाच्या घरान देवी विकली!" कुणी ओरडलं. काशीबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. दोघे-तिघे नाडकर्ण्याच्या अंगावर धावले, त्यांना सरपंचबाईंनी आवरलं. तेवढ्यात भाऊ राऊळांनी काठी बाकावर आपटली.

"गप रवा सगळे! विशाखा, तुझो बापूस कळे लावी तेव्हा चाळीस वर्षां मी त्याच्या बोटांकडे बघत होतंय. माका काय दिसत नव्हता? गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांका ठाऊक आसा ता. गुरवाचा घर आमच्याच झऱ्याचा पाणी पिता, तो गावाचा वायट करूचो नाय, म्हणान आमी व्हय म्हाराजा म्हणत इलंव." ते थांबून दम खाऊ लागले. "आता फूल नको. तू सांग. कारखानो होऊचो काय नको?"

मी आयुष्यभर कळ्यांच्या आड उभी होते. मला काय वाटतं, हे गावाने मला कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. खाली बसावंसं वाटत होतं.

"होऊ दे," मी म्हणाले. "कारखाना होऊ दे. यंत्रात खोट नाही. मी लेपाची लबाडी पकडायला गेले होते आणि वीसपैकी वीस वेळा लेपाने त्याला दिलेला हुकूमच पाळला. इतकं इमानी काही मी माझ्या प्रयोगशाळेत बघितलं नाही. घळीतला धूर आपण सगळेच खातोय. हो म्हणा."

वेदिकाने मान वर केली. तिचा चेहरा उजळला, तो मला अजून दिसतो.

"पण यंत्र सांगेल ते करतं," मी म्हणाले. "तेव्हा सांगणारं माणूस कोण, ते बघायला हवं. मी नाडकर्ण्यावर संशय घेतला, तो चुकला. जिच्यावर घ्यायचा होता तिला मी रोज चहा करून देत होते. जिला गावाच्या भल्यासाठी कळा पाडता येतो, तिला उद्या गावाच्या भल्यासाठी पाण्याचा आकडाही पाडता येईल. पाण्याच्या राखणीला वेदिका नको."

वेदिका उठली नाही, रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"मगे राखणेक कोण?" भाऊंनी विचारलं.

"मीही नको," मी म्हणाले. "माझं आत्ताच ऐकलंत."

"तू आपणहून सांगलंस," भाऊ म्हणाले. "दुसरा कोण सांगता?"

मागून काशीबाईचा आवाज आला, "विशाखाच रवांदे." मग आणखी चार जण तेच म्हणाले. सरपंचबाईंनी ठरावात ते वाक्य हाताने लिहिलं आणि हात वर करायला सांगितले. सहाशे चाळीसांत चारशे एक्काहत्तर हात. कायद्याला सत्तर टक्के लागतात, साडेत्र्याहत्तर झाले. त्यात वेदिकाचा हात होता का, ते मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी सातच्या एसटीने ती परत गुजरातला गेली. मी थांब्यापर्यंत बॅग उचलून नेली. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "माझी नोकरी तू घेतलीस, आई."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कारखाना सुरू झाला त्याला दोन वर्षं होतील. घळीतला धूर थांबला. माझा खोकला अर्ध्यावर आला. देवीवरचा लेप नाडकर्ण्याच्या माणसांनी काढून नेला आणि कळे मी आता सगळ्यांना हात दाखवून लावते. रोज सकाळी झऱ्यावर जाऊन बाटली भरते, तपासते आणि सही करते. आकडा एकदाही वाढलेला नाही.

संध्याकाळी वेदिकाचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही ती विचारत नाही. सरळ म्हणते, "आजचा आकडा?"

मी सांगते, "शून्य दशांश शून्य चार."

मग ती विचारते, "खरंच?"

पहिल्यांदा तिने तसं विचारलं तेव्हा कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं होतं. चार दिवस मी फोन घेतला नव्हता. आता राग येत नाही. मी म्हणते, "ये, आणि स्वतः मोजून बघ." मग ती फोन ठेवून देते. अजून आलेली नाही.